आंबिया फुटला का?

अतिदक्षता विभागातला ताईचा सातवा दिवस. संध्याकाळचे साडेचार वाजले असतील. तिनं डोळे उघडले, माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "बाबू, आंबिया फुटला का रे?"

माझा हात तिच्या मनगटावर होता आणि डोळे मॉनिटरवर. सकाळी रक्तातलं सोडियम १२७ आलं होतं, म्हणजे कमी. मूत्रपिंडाची गत सांगणारं क्रिएटिनिन रोज वर सरकत होतं. मागे उभ्या असलेल्या रेसिडेंट डॉक्टरला मी म्हणालो, "डिसओरिएंटेड आहे. नोंद कर." त्यानं नोंद केली. त्याच रात्री तिला व्हेंटिलेटरवर घेतलं आणि चौथ्या दिवशी पहाटे ती गेली. मधल्या दिवसांत तोंडात नळी होती. म्हणजे ताई माझ्याशी शेवटचं जे बोलली, ते मी केसपेपरवर भ्रम म्हणून लिहवून घेतलं.

ही २०१५ च्या फेब्रुवारीतली गोष्ट. ज्यांना आंबिया ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. आमच्या काटोल-नरखेडच्या पट्ट्यात संत्र्याचे दोन बहार. पावसाळ्याच्या तोंडावर फुटतो तो मृग, थंडी सरताना फुटतो तो आंबिया. आंबिया धरायचा तर हिवाळ्यात बागेचं पाणी तोडतात, झाडं ताणावर सोडतात. पानं मलूल होतात, थोडी गळतात. नवख्याला वाटावं, बाग गेली. मग जानेवारीत पाणी सोडलं की काही दिवसांत कोवळी नवती येते आणि तिच्यासोबत पांढरी फुलं. तेव्हा काटोलच्या रस्त्यानं संध्याकाळी गाडीची काच खाली करून गेलात तर वास अंगावर येतो.

भाऊजींची दीडशे झाडं घरामागेच होती. पाणी कधी तोडायचं आणि कधी सोडायचं हे ताई ठरवायची. त्या वर्षी दवाखान्यात यायच्या आधी तिनंच पाणी सोडायला लावलं होतं. फेब्रुवारीच्या मध्यात ती जे विचारत होती, ते अगदी वेळेवरचं होतं. खिडकी नसलेल्या, चोवीस तास ट्यूबलाइट जळणाऱ्या त्या खोलीत महिन्याचं, पंधरवड्याचं भान असलेलं एकच माणूस होतं आणि ते खाटेवर होतं.

मला हे कळलं तेराव्याच्या दिवशी. फाटकातून आत शिरलो तर झाडांच्या बुंध्यांभोवतीच्या आळ्यांमध्ये पांढऱ्या फुलांचा सडा पडलेला. मी तिथेच उभा राहिलो. भाची पाणी घेऊन आली, "मामा, काय झालं?" मला सांगता आलं नाही. पुढची कित्येक वर्षं कुणालाच सांगता आलं नाही.

ताई माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी मोठी. आई गेली तेव्हा मी सहावीत होतो आणि ताई नुकतीच जिल्हा परिषदेच्या शाळेत लागली होती. बाबूचं शिक्षण होऊ दे, मग लग्नाचं पाहू, असं म्हणत तिनं स्वतःचं लग्न चार वर्षं लांबवलं. १९८९ साली माझा नंबर मेडिकलला लागला. मेडिकल म्हणजे १९४७ साली सुरू झालेलं आमचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय. नागपुरात ऑटोवाल्याला 'मेडिकल' किंवा, दुसऱ्या सरकारी इस्पितळासाठी, 'मेयो' एवढं सांगितलं की पुरतं. होस्टेलवर सोडायला ती आली होती. वॉर्डांपुढचे ते लांबच लांब व्हरांडे बघून म्हणाली, "येथं माणूस हरपून जात असंल." शाळेत ती पोरांना प्रमाण मराठी शिकवायची, 'मला' आणि 'तुला' घोटून घ्यायची. पण घाबरली, चिडली किंवा दुखायला लागलं की आमच्या घरची बोली वर यायची. शेवटच्या महिन्यात ती पूर्ण वेळ 'मले' म्हणत होती. मी ते ऐकत होतो आणि त्याचा अर्थ मात्र लावत नव्हतो.

तिचं पोट फुगायचं. तिला वाटलं गॅस आहे, तीन महिने ओवा खाल्ला. मला सांगितलं तेव्हा पोटात पाणी भरलं होतं. अंडाशयाचा कॅन्सर, तिसरी अवस्था. शस्त्रक्रिया झाली, कार्बोप्लॅटिन आणि पॅक्लिटॅक्सेल या केमोच्या औषधांची सहा सायकल्स झाली. सीए-१२५ चा, म्हणजे या कॅन्सरचा माग सांगणाऱ्या रक्तचाचणीचा, आकडा खाली आला आणि त्या आकड्यानं आम्हाला जवळजवळ दोन वर्षं दिली. ती दोन वर्षं खरी होती, त्यांचं मोल मी कमी करणार नाही. त्या काळात तिनं शाळेची निवृत्ती घेतली, लेकीचं लग्न लावलं, दोन आंबिया पाहिले. पुढे मी जे लिहिणार आहे ते वाचून कुणी केमोवर बोट ठेवू नये, म्हणून हे आधीच सांगून टाकतो.

आजार उलटला तेव्हा मात्र मी चुकलो. आतडी अडकायला लागली होती. बरं होणार नाही हे मला माहीत होतं, तिच्या ऑन्कॉलॉजिस्टला माहीत होतं, आणि आता वाटतं, तिलाही माहीत होतं. फक्त आम्ही तिघं एका खोलीत बसून ते बोललो नाही. दोनदा ती म्हणाली, "मले घरी ने." दोन्ही वेळा मी म्हणालो, "पोटॅशियम जरा सुधारू दे." भाऊजी प्रत्येक कागदावर सही करण्याआधी माझ्याकडे बघायचे. मी मान हलवली की ते सही करायचे.

आणि तिला दुखत होतं. ट्रॅमाडॉल, पॅरासिटामॉल, त्यावर पुन्हा पॅरासिटामॉल. घरी असताना, तोंडानं गोळ्या जात होत्या तेव्हाच, तिला मॉर्फिन मिळायला हवं होतं. एम.डी. होऊन मला सतरा वर्षं झाली होती आणि तोंडानं घ्यायचं मॉर्फिन मी एकदाही लिहिलं नव्हतं. आम्ही दाखवत होतो त्या इस्पितळात ते ठेवतच नसत. आमच्या शेजारी मध्य प्रदेशात, नीमच-मंदसौरच्या शेतांत, सरकारी परवान्यानं अफू पिकते, मॉर्फिन तिच्यातूनच निघतं. पण १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यानं परवान्यांची अशी उतरंड लावली की औषधांच्या दुकानांनी आणि दवाखान्यांनी मॉर्फिन ठेवणंच सोडलं, आणि आमच्यासारख्या डॉक्टरांच्या पिढ्या ते न शिकता बाहेर पडल्या. २०१४ साली कायदा दुरुस्त झाला, परवान्याची वाट सोपी झाली. पण कायदा बदलल्यानं माझा हात काही लिहायला लागला नव्हता.

तिच्यानंतर वर्षभर मी ओपीडी केली. नागपुरात, धंतोलीत, पूर्वीसारखीच. दिवसाला साठ पेशंट. तक्रार ऐकायला दीड मिनिट, तपासायला दोन, लिहायला एक. एका दुपारी एक बाई म्हणाली, "डॉक्टरसाहेब, तुमी माझ्याकडं पाह्यलंच नाही." खरंच नव्हतं पाहिलं. रिपोर्ट पाहिले होते. रिपोर्ट चांगले होते.

पुढच्या वर्षी सहा आठवडे दवाखाना बंद ठेवला आणि वेदनाशमनाचं प्रशिक्षण घ्यायला केरळात गेलो. त्या राज्यानं २००८ सालीच अशा शुश्रूषेचं स्वतःचं धोरण आखलं आहे. तिथं नर्ससोबत मी गल्लीबोळांतून घरोघरी फिरलो. दुसऱ्याच्या घरात चटईवर बसून पेशंटशी बोलायचं, ही गोष्ट मी चाळिशी ओलांडल्यावर शिकलो. तिथंच पहिल्यांदा सिसिली सॉन्डर्स यांच्याबद्दल सविस्तर वाचलं. या बाई आधी नर्स होत्या, मग समाजसेविका झाल्या, मग डॉक्टर. १९६७ साली त्यांनी लंडनमध्ये सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस, म्हणजे शेवटच्या टप्प्यातल्या रुग्णांसाठीचं शुश्रूषागृह, उघडलं. मरणाऱ्या माणसाचं दुखणं चार पदरी असतं, असं त्यांनी मांडलं. शरीराचं, मनाचं, घरादाराचं, आणि चौथं ज्याला आपण आत्म्याचं म्हणू ते. एक पदर सोडला तर उरलेले तीन आवळतात. ताईचा फक्त पहिला पदर माझ्या हातात होता. तोसुद्धा अर्धाच.

परत आल्यावर आयुर्वेद शिकवणाऱ्या एका मित्राला हे सांगत होतो. त्यानं चरकसंहितेचं सूत्रस्थान उघडलं, नववा अध्याय. उपचाराचे चार पाद सांगितले आहेत: वैद्य, औषध, परिचारक आणि रोगी. चौथा पाद रोगी स्वतः! आम्ही त्याला नेहमी उपचार ज्याच्यावर करायचा ती जागा समजत आलो. इथे तो उपचाराचाच एक पाय. आणि रोग्याचे जे चार गुण दिले आहेत त्यांतला एक आहे 'ज्ञापकत्व', आपल्याला काय होतंय ते सांगता येणं. मित्र हा शब्द वाचून पुढे गेला, मी त्याला थांबवलं. ताईच्या अंगी तो गुण होता. तिनं सांगितलं होतं. उपचाराच्या या खाटेचा चौथा पाय तुटलेला नव्हता, मीच तो जमिनीला टेकू दिला नव्हता.

तेव्हापासून माझी प्रॅक्टिस बदलली. लोक त्याला 'होलिस्टिक' म्हणतात, मी 'समग्र' म्हणतो. दोन्ही शब्द बाजारात फार स्वस्त झालेत, म्हणून माझ्या दवाखान्यात काय होतं तेच सांगतो. दिवसाला चौदा पेशंट. पहिल्या भेटीला पाऊण तास. एक नर्स, एक फिजिओथेरपिस्ट, आठवड्यातून दोनदा आहारतज्ज्ञ आणि योगशिक्षिका. मंगळवारी आणि शुक्रवारी दुपारी घरभेटी. कमाई निम्म्यावर आली. घरच्यांनी ते सोसलं, याची जाणीव मला रोज असते.

घरभेटी किती शिकवतात ते एका आजींवरून सांगतो. उत्तर नागपुरातल्या. तीन वर्षं दर मे महिन्यात त्या अर्धवट शुद्धीत भरती व्हायच्या. सोडियम एकदा ११६. खारट सलाईन हळूहळू देऊन, मेंदूला इजा होऊ नये म्हणून तासातासाला मोजून, आम्ही ते वर आणायचो आणि त्यांना घरी पाठवायचो. तिसऱ्या वेळी त्या माझ्याच देखरेखीखाली होत्या. केरळहून आल्यावर नवतपात, म्हणजे मेअखेरच्या त्या नऊ कडक उन्हाच्या दिवसांत, दुपारी दोन वाजता, मी त्यांच्या घरी गेलो. टिनाचं छप्पर, दहा बाय दहाची खोली, कूलर नाही. पाच मिनिटांत माझा शर्ट अंगाला चिकटला. आजी रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी घेत होत्या. एका डॉक्टरांनी मीठ बंद केलं होतं. दुसऱ्यांनी उन्हाळ्यात भरपूर पाणी प्या सांगितलं होतं. आज्ञाधारक बाई, तिन्ही पाळत होत्या. घामावाटे मीठ जाई, गोळीनं आणखी जाई, वरून नुसतं माठातलं पाणी. प्रत्येक सल्ला आपल्या जागी बरोबर होता, आणि ती जागा कुणीच पाहिली नव्हती. मी गोळी बदलली, मिठाचं बंधन सैल केलं, ताक आणि लिंबू-मीठ-साखरेचं पाणी सुरू केलं. मुलानं छपराला चुना मारला आणि दुपारी वर ओली पोती टाकायला लागला. पुढच्या मेमध्ये त्या भरती झाल्या नाहीत. जूनमध्ये तपासलं, सोडियम १३६. या सगळ्यात मी वापरलेलं प्रत्येक औषध आणि प्रत्येक तर्क एम.बी.बी.एस.च्या पुस्तकातला आहे. नवीन एवढंच की मी त्या टिनाखाली बसलो.

दुसरे एक काका, तांडापेठेकडचे, विणकर. तोंडाचा कॅन्सर. आमच्या विदर्भात पानठेल्यांवर खर्रा घोटून देतात, चौदा-पंधराव्या वर्षापासून पोरं तो गालात धरतात. त्या घोटलेल्या सुपारी-तंबाखूनं किती जबडे खाल्ले ते मेडिकलच्या ओपीडीत एक दिवस बसलं तरी कळतं. काकांना बोलता येत नव्हतं. मी नातवाची पाटी मागवली आणि विचारलं, सगळ्यात जास्त त्रास कशाचा? मला वाटलं, वेदना लिहितील. त्यांनी लिहिलं, 'वास'. गालाच्या जखमेला दुर्गंधी होती. घरचे प्रेमाचेच होते, पण जेवायला दुसऱ्या खोलीत बसायचे. धाकटा नातू जवळ यायचा नाही. मेट्रोनिडॅझोलच्या गोळ्या कुटून ती पूड जखमेवर टाकायची, हा उपाय काही रुपयांचा आहे. चार-पाच दिवसांत वास गेला. दर चार तासांनी मॉर्फिन आणि सोबत पोट साफ राहायचं औषध सुरू केलं, रात्री झोप लागायला लागली. दहा दिवसांनी गेलो तर नातू मांडीवर होता. काका त्यानंतर सात आठवडे होते. त्या सात आठवड्यांना वैद्यकीय भाषेत काय म्हणतात ते मला माहीत आहे, पण ते इथे लिहिण्यासारखं नाही.

अशी शुश्रूषा म्हणजे हात टेकणं, असं अजूनही अनेकांना वाटतं. २०१० साली बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमधला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. फुप्फुसाच्या पसरलेल्या कॅन्सरचे १५१ रुग्ण. अर्ध्यांना नेहमीच्या उपचारांसोबत सुरुवातीपासूनच ही शुश्रूषा दिली. त्यांचं मन जास्त थाऱ्यावर राहिलं, शेवटी शेवटी आक्रमक उपचार कमी घेतले गेले, आणि तरीही ते जास्त जगले. जगण्याचा मध्यक ११.६ महिने, म्हणजे निम्मे त्याहून जास्त जगले. दुसऱ्या गटात तो ८.९. ताईच्या पाच वर्षं आधी हे छापून आलं होतं. माझ्याकडे ते नियतकालिक येत होतं.

आता थोडं कठोर बोलतो. समग्र म्हटलं की माझ्याकडे असेही लोक येतात ज्यांना औषधं सोडायची परवानगी हवी असते. ती मी देत नाही. इन्सुलिन बंद करून काढा घेतलेला माणूस मी बेशुद्ध आलेला पाहिला आहे. चाळिशीची एक बाई स्तनातल्या गाठीवर आठ महिने लेप लावत होती. आली तेव्हा बरी होण्याची वेळ निघून गेली होती. सांधेदुखीच्या 'जडीबुटीच्या' पुड्यांमध्ये स्टिरॉइड मिसळलेलं असतं आणि आजी-आजोबा ते वर्षानुवर्षं गिळतात. याला समग्र म्हणणं म्हणजे त्या शब्दाचा अपमान आहे. मी काढे लिहीत नाही, माझी ती पदवी नाही. गरज वाटली तर त्या वैद्य मित्राकडे पाठवतो, तो त्याला गरज वाटली तर माझ्याकडे पाठवतो, आणि कोण कुठली गोळी घेतोय हे दोघांनाही माहीत असतं.

ताई दरवर्षी शाळेची सहल सेवाग्रामला न्यायची. बापू कुटीजवळच परचुरेशास्त्रींची कुटी आहे. संस्कृतचे पंडित, कुष्ठरोगानं ग्रासलेले, घरानं-गावानं दूर केलेले. त्या रोगावर तेव्हा नेमकं औषध नव्हतं. गांधीजींनी त्यांना आश्रमात ठेवून घेतलं आणि स्वतःच्या हातानं त्यांचं अंग चोळलं. ताई मुलांना त्या कुटीसमोर बसवायची आणि विचारायची, "औषध नव्हतं, तर मग बापू काय करत होते?" एकदा सुट्टीत मीही सोबत होतो, मेडिकलच्या दुसऱ्या वर्षाला. मुलं काहीबाही उत्तरं देत होती. मी मनात म्हटलं होतं, काहीच नाही, उपयोग काय त्याचा.

गेल्या फेब्रुवारीत काटोलला गेलो. भाऊजी आता पंच्याहत्तरीला आले. गुडघे गेलेत, साखर आहे, बाग बटाईनं दिली आहे. मी दर महिन्याला जातो, त्यांना तपासतो, पण त्या अकरा दिवसांबद्दल आमच्यात कधी बोलणं झालेलं नव्हतं. त्यांनी मला कधी दोष दिला नाही आणि मीही कधी माफी मागितली नाही. मागायची तर आधी सगळं सांगावं लागलं असतं.

त्या संध्याकाळी ओसरीवर बसलो होतो. फुलं भरात होती. मी बीपीचा पट्टा गुंडाळून ठेवला आणि सांगितलं. तिनं डोळे उघडून काय विचारलं, मी काय समजलो, काय लिहायला लावलं, सगळं. सांगून झाल्यावर मान वर करवली नाही.

भाऊजी बराच वेळ झाडांकडे बघत राहिले.

"फुटला होता," ते म्हणाले. "मी फांदी तोडून आणली होती थैलीत. काटोलहून एसटीनं. संध्याकाळच्या भेटीच्या वेळेले. दरवाजावरच्या पोट्ट्यानं आत नेऊ देली नाही. फुलं चालत नाही म्हणे."

"मला बोलवायचं होतं भाऊजी. मी आतच होतो."

"तू आत होता, माहीत होतं," भाऊजी म्हणाले. "तू कामात असशील म्हणून नाही बोलावलं."